क्रूझवर फोनचं काय होतं? प्रवाशांना हवे असलेले बदल आणि त्यामागचं तंत्रज्ञान

जालन्यापासून समुद्र जवळपास ४०० किलोमीटर लांब. आपल्या जिल्ह्यात 'पोर्ट' म्हटलं की २०१५ मध्ये भूमिपूजन झालेला ड्राय पोर्टचा प्रकल्प आठवतो, आणि तिथे पाण्याचा काही संबंध नाही. तरी गेल्या दोन-तीन वर्षांत क्रूझचे रील्स आपल्याकडेही धो-धो फिरतायत. समृद्धी महामार्ग पूर्ण झालाय, वंदे भारत जालन्यावरून मुंबईला जाते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालंय. त्यामुळे दोन-तीन रात्रींची मुंबई-गोवा क्रूझ आता अगदीच अशक्य वाटत नाही. कुणी मित्रांसोबत जायचं ठरवतंय, कुणी आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिकीट काढतंय.

पण ठरवताना पहिला प्रश्न काय येतो? "तिथं रेंज असते का रे?"

प्रश्न साधा आहे, उत्तर साधं नाही. क्रूझच्या प्रवाशांना काय सुधारायला हवं विचारलं, तर बहुतेक मागण्या फिरून फोनवर येतात: नेट स्वस्त हवं, रांगा कमी हव्यात, बिल लगेच दिसायला हवं, सूचना कळतील अशा भाषेत हव्यात, प्लग जास्त हवेत. यातलं काय खरंच अवघड आहे आणि काय फक्त कुणी मनावर घेतलं नाही म्हणून अडलंय, ते आज समजून घेऊ.

## आधी जहाज समजून घ्या

मुंबईहून समुद्रमार्गे कोकणात आणि गोव्याला जाणं आपल्याला नवीन नाही. आजोबांच्या पिढीने त्याला 'आगबोट' म्हटलं. आजच्या अर्थाने क्रूझ म्हणावी अशी देशांतर्गत सेवा म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली 'आंग्रिया'. कान्होजी आंग्रे यांची आठवण करून देणारं नाव. मग सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईतून निघायला लागलं.

हे 'एम्प्रेस' २११ मीटर लांब आहे आणि त्याची बांधणी आहे १९९० ची, फ्रान्समधली. आता तारखा जुळवून बघा. भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. वाय-फायचं पहिलं स्टँडर्ड आलं १९९७ मध्ये. म्हणजे जहाज आधी आणि आपल्या खिशातलं सगळं तंत्रज्ञान नंतर. जगभरात अशी बरीच जहाजं चालू आहेत, कारण चांगली देखभाल केलेलं जहाज ३०-४० वर्षं सहज चालतं. फोन आपण तीन वर्षांत बदलतो, जहाज कुणी तीन वर्षांत बदलत नाही. क्रूझवरच्या बऱ्याच गैरसोयींचं मूळ या फरकात आहे.

## रेंज नेमकी कुठे जाते?

जहाज धक्क्यावरून निघाल्यावर थोडा वेळ किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज मिळते. मग ती जाते, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं, पृथ्वी गोल आहे. टॉवरचे सिग्नल साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे काही अंतरानंतर टॉवर क्षितिजाखाली जातो. ४० मीटर उंच टॉवर आणि २० मीटर उंच डेकवर उभे असलेले तुम्ही, हे गणित केलं तर मर्यादा साधारण ४५ किलोमीटरवर येते. तीही आकाश स्वच्छ आणि नशीब चांगलं असेल तर.

दुसरं, टॉवरचे स्वतःचे नियम असतात. जुन्या टूजी तंत्रज्ञानात फोन आणि टॉवरमधलं अंतर ३५ किलोमीटरपेक्षा जास्त झालं की सिग्नल पोहोचायला लागणारा उशीर ठरलेल्या वेळेत बसत नाही आणि कनेक्शन होत नाही. फोरजीत ही मर्यादा वाढवता येते. पण तुमच्या फोनची ताकद तेवढीच आहे. टॉवरचा आवाज तुम्हाला ऐकू आला तरी तुमचा आवाज टॉवरपर्यंत जायला हवा ना!

तिसरं कारण जालनेकरांना समजवायची गरज नाही. एमआयडीसीत स्टीलच्या रोलिंग मिलच्या शेडमध्ये गेलं की फोनच्या दांड्या कशा पटापट कमी होतात, ते आपण पाहिलंय. धातू रेडिओ लहरी अडवतो. जहाज म्हणजे तर तरंगता स्टीलचा डबाच. डेकवर रेंज असते आणि आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये शून्य, त्याचं कारण हेच. वाय-फायचंही तसंच. घरात एक राऊटर दोन खोल्यांना पुरतो, जहाजावर स्टीलच्या भिंतींमुळे पुरत नाही. नव्या जहाजांत केबिनला धरून राऊटर बसवायची सोय बांधतानाच करता येते. जुन्या जहाजात त्यासाठी छत उघडून नव्या वायरी ओढाव्या लागतात.

## मग नेट येतं कुठून?

सॅटेलाईटवरून. जहाजाच्या वर मोठे पांढरे घुमट दिसतात ना, त्यांच्या आत डिश अँटेना असते. जहाज कितीही हललं तरी ती सॅटेलाईटकडे तोंड करून राहते.

जुन्या पद्धतीचे सॅटेलाईट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तुमचा मेसेज वर जातो आणि खाली येतो, म्हणजे सुमारे ७१,६०० किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला तर लागले ०.२४ सेकंद. उत्तर परत यायला तेवढेच. म्हणजे सर्व्हर कितीही भारी असला तरी जवळपास अर्धा सेकंद हवेतच गेला. व्हिडिओ कॉलवर दोघंही एकदम बोलायला लागतात आणि मग दोघंही गप्प बसतात, ते यामुळे.

नवे सॅटेलाईट खूप खाली फिरतात. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे उशीर अर्ध्या सेकंदावरून काही दशांश मिलिसेकंदांवर नव्हे, पण काही दहा मिलिसेकंदांवर येतो, जो आपल्याला जाणवत नाही. रॉयल कॅरिबियन या मोठ्या क्रूझ कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या जहाजांवर स्टारलिंक बसवायचं जाहीर केलं. आपल्याकडे विमानात आणि जहाजात नेट देण्याचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये आले आणि स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला जून २०२५ मध्ये. म्हणजे रस्ता तयार होतोय.

पण एक गोष्ट सॅटेलाईट बदलून सुटत नाही, ती म्हणजे वाटणी. समजा जहाजाला १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे आणि एकाच वेळी १,००० फोन जोडलेत. प्रत्येकाच्या वाट्याला आले ०.१ एमबीपीएस. त्यात निम्म्या फोनमध्ये फोटो आपोआप क्लाउडवर चढतायत, ॲप अपडेट होतायत. म्हणून प्रवाशांची 'स्वस्त आणि फास्ट नेट' ही मागणी खरी असली तरी ती पूर्ण व्हायला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार.

## सगळ्यात महाग चूक: जहाजाचा स्वतःचा टॉवर

हा भाग नीट वाचा, कारण इथे खिसा कापला जातो.

अनेक क्रूझ जहाजांवर छोटा मोबाईल टॉवर असतो. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर, साधारण १२ सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटरनंतर, तो चालू करतात. तुमच्या फोनला तो परदेशी नेटवर्क वाटतो. रोमिंग चालू असेल तर फोन तुम्हाला न विचारता त्याला जोडला जातो. आणि हे साधं परदेशी रोमिंग नसतं. तुम्ही दुबई किंवा थायलंडसाठी घेतलेल्या पॅकमध्ये जहाजावरचं नेटवर्क असेलच असं नाही. नसेल तर दर एमबीला पैसे लागतात. तुम्ही झोपलेले असता आणि फोन मागे गुपचूप फोटो चढवत असतो.

पोस्टपेड असेल तर बिल घरी गेल्यावर कळतं. बाबांच्या नावावर फॅमिली पोस्टपेड असेल तर बाबांना कळतं, आणि मग तुम्हाला कळतं.

उपाय दहा सेकंदांचा आहे. जहाज सुटण्याआधी एअरप्लेन मोड चालू करा, मग फक्त वाय-फाय चालू करा. सोबतच्या मोठ्यांच्या फोनमध्येही तुम्हीच हे करून द्या.

इथे क्रूझ कंपन्यांकडून हवी असलेली सुधारणा अगदी छोटी आहे. चेक-इनच्या वेळी, जहाज धक्क्याला असतानाच, प्रत्येकाच्या फोनवर मराठी-हिंदीत एक मेसेज: 'समुद्रात रोमिंगचे वेगळे पैसे लागतात, एअरप्लेन मोड लावा.' यासाठी ना सॅटेलाईट लागतो, ना नवी वायर.

## खरी गंमत: जहाजाच्या आतलं नेट

आता मूळ मुद्दा. आपण 'नेट' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: जहाजाबाहेरचं इंटरनेट आणि जहाजाच्या आतलं वाय-फाय. पहिलं महाग आहे. दुसऱ्यासाठी सॅटेलाईटला एक रुपयाही द्यावा लागत नाही. जहाजावर एक सर्व्हर ठेवा, सगळे फोन वाय-फायवरून त्याला जोडा, झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरचं नेट बंद असतानाही लॅन गेम चालायचे, तसंच.

प्रवाशांच्या निम्म्याहून जास्त मागण्या या आतल्या नेटवर पूर्ण होऊ शकतात असं मला वाटतं. काही मोठ्या कंपन्यांनी यातल्या गोष्टी केल्याही आहेत. एकेक बघू.

एकमेकांशी चॅट. मित्र सातव्या डेकवर, तुम्ही चौथ्यावर. व्हॉट्सॲपवर 'कुठंयस?' लिहिलं तर तो मेसेज अंतराळात जाऊन, दूरच्या सर्व्हरला शिवून परत तुमच्याच जहाजावर येतो, आणि नेटचा प्लॅन घेतला नसेल तर जातच नाही. जहाजाच्या ॲपमधलं चॅट आतल्या सर्व्हरवरून जातं. ते सर्वांना मोफत हवं.

रांगा. राजूरच्या गणपतीला अंगारकीला सकाळी सकाळीच सगळे गेले तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. जहाजावरचं जेवण तसंच. एक साधं गणित करू. समजा बुफेवर मिनिटाला १० जण वाढून घेऊ शकतात आणि जेवणाची वेळ दोन तास आहे. म्हणजे १,२०० जण आरामात जेवतात. पण पहिल्या २० मिनिटांतच ६०० जण आले तर? तेवढ्यात २०० जणांना वाढून झालं, ४०० रांगेत. शेवटच्या माणसाला ४० मिनिटं थांबावं लागणार. आणि तासाभराने तेच काउंटर रिकामं. इथे आचारी कमी नाहीत, माहिती कमी आहे. फोनवर 'आत्ता थांबायला अंदाजे ३५ मिनिटं, दीड वाजता अंदाजे ५' एवढं दिसलं तरी लोक आपोआप विभागले जातात. तेच चढण्याच्या आणि उतरण्याच्या रांगेचं. बँकेत टोकन असतं, तसा वेळेचा स्लॉट ॲपवर द्या.

बिल. क्रूझवर बहुतेक ठिकाणी केबिनचं कार्डच पैशांचं काम करतं. खर्च खात्यावर चढत जातो आणि हिशोब शेवटी होतो. आपल्याला मात्र सवय आहे चहाच्या टपरीवरच्या साउंडबॉक्सची: पैसे गेले की लगेच आवाज. जहाजावर प्रत्येक खरेदीचा मेसेज आतल्या वाय-फायवरून लगेच फोनवर यायला हवा, आणि दिवसाची मर्यादा ठरवायची सोय हवी. म्हणजे शेवटच्या दिवशी काउंटरवर वाद होणार नाहीत. यूपीआयला बाहेरचं नेट लागतं, त्यामुळे भर समुद्रात त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही फोन ऑफलाईन असताना एनएफसीने पैसे देण्याची यूपीआय लाईट एक्स ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. जहाजावरच्या छोट्या खरेदीसाठी ती चपखल बसेल.

वाट शोधणं. जहाजाच्या आत जीपीएस मिळत नाही, कारण तेच, स्टील. पण वाय-फाय राऊटर किंवा ब्लूटूथच्या छोट्या बीकनवरून फोनला आपण कुठे आहोत याचा अंदाज काढता येतो. २०१७ मध्ये प्रिन्सेस क्रूझेसने प्रवाशांना नाण्याएवढी 'ओशन मेडॅलियन' द्यायला सुरुवात केली. ती जवळ असली की केबिनचं दार उघडतं आणि सोबतचे लोक कुठे आहेत ते कळतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर याचा मोठा आधार वाटतो. फक्त एक अट: आपली जागा कुणाला दिसावी हे आपण ठरवायचं, आणि प्रवास संपल्यावर ती माहिती पुसली जायला हवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे.

## ज्या सुधारणेला थांबायला नको: सुरक्षा, आपल्या भाषेत

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. त्यांच्याच नावाची 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. ६०० हून जास्त माणसं गेली, आणि बातमी मुंबईत पोहोचायला कित्येक तास लागले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. १५ जण दगावले. मोठ्या क्रूझची सुरक्षा या बोटींपेक्षा खूप कडक असते. पण पाण्यावर वाईट वेळ आली तर काय करायचं हे आधी माहीत असणं, ही गरज सगळीकडे सारखीच.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची सुरक्षा कवायत तोपर्यंत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी व्हायलाच हवी.

२०२० मध्ये रॉयल कॅरिबियनने ही कवायत फोनवर आणली. आधी ॲपवर व्हिडिओ बघायचा, मग आपल्या ठरलेल्या जमण्याच्या जागी प्रत्यक्ष जाऊन हजेरी लावायची. गर्दीत उभं राहून लाऊडस्पीकर ऐकण्यापेक्षा हे बरं. पण मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर हा व्हिडिओ मराठीतही हवा. जालना, परभणी, सोलापूरहून पहिल्यांदाच जहाजावर चढलेल्या आजीला इंग्रजी घोषणा कळली नाही, तर तिच्यासाठी ती कवायत झालीच नाही.

खर्च बघा: एकदा भाषांतर, एकदा आवाज रेकॉर्ड, एक फाईल. ती फोनमध्ये आधीच डाउनलोड झालेली हवी, म्हणजे वाय-फाय बंद पडलं तरी चालेल. आणि भिंतीवरच्या पाट्या आणि बाण राहायलाच हवेत, कारण फोनची बॅटरी संपते, पाटीची संपत नाही.

तोपर्यंत एवढं पाठ करा: सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणी. लाईफ जॅकेट आणि औषधं घ्या, लिफ्ट टाळा, ठरलेल्या जागी जा.

## प्लग कमी का असतात?

जुन्या केबिनमध्ये एक-दोनच प्लग असतात, कारण १९९० मध्ये माणसाकडे चार्ज करायला होतं काय? उपाय म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा असं वाटतं, पण बहुतेक क्रूझवर त्याला, इस्त्रीला आणि केटलला बंदी असते. समुद्रात आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नसतो, म्हणून हा नियम कडक आहे आणि तो योग्यच आहे. मागणी करायची तर पलंगाजवळ यूएसबी-सी प्लगची करा. केबिनचं नूतनीकरण होतं तेव्हा हे काम सहज होऊ शकतं.

## निघण्याआधी फोनमध्ये काय करायचं?

- जहाजाचं ॲप घरच्या वाय-फायवरच डाउनलोड करून लॉग-इन करा. समुद्रात ओटीपीचा मेसेज येईलच याची खात्री नाही.
- तिकीट आणि ओळखपत्राचा फोटो गॅलरीत ठेवा, फक्त मेलमध्ये नको. प्रिंटही काढा.
- फोटोंचा क्लाउड बॅकअप आणि ॲप अपडेट बंद करा.
- जहाज सुटण्याआधी एअरप्लेन मोड, मग फक्त वाय-फाय.
- मुंबई ते गोवा किनाऱ्याचा ऑफलाईन नकाशा डाउनलोड करा. उघड्या डेकवर जीपीएस नेटशिवाय चालतं. तुम्ही रत्नागिरीसमोर आहात की मालवणसमोर, ते दिसेल.
- नेटचा प्लॅन घेण्याआधी विचारा: एका फोनला की दोन? दिवसाला की अख्ख्या प्रवासाला? व्हिडिओ कॉल चालतो का?
- आपण कुठल्या जहाजावर आहोत आणि कधी परतणार, हे घरी सांगून ठेवा. रात्रभर 'लास्ट सीन' बदलला नाही तर घरचे घाबरतात.

आणि प्रवास संपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म येतो, तो 'गुड' लिहून सोडू नका. 'नेट स्लो आहे' असं मोघम लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही. त्याऐवजी लिहा: सुरक्षा व्हिडिओ मराठीत द्या, आतलं चॅट मोफत करा, बुफेच्या रांगेची वेळ ॲपवर दाखवा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमकडे नेमकी मागणी आली की तिचं काम ठरतं, हे मी रोज ऑफिसात बघतो. सॅटेलाईट खाली यायला वर्षं लागली. या तीन गोष्टींना काही महिने पुरतील.